मोठे आतडे : मलनिर्मिती व उत्सर्जन

पचनमार्गाचा शेवटचा, सुमारे 1.5 मी. लांबीचा भाग. उंडुक, बृहदांत्र, गुदाशय व गुदमार्ग हे त्याचे भाग होत. अन्नाचे पचन व पोषक द्रव्यांचे शोषण बहुतांशी लहान आतड्यातच उरकते. तेथून रोज साधारण 1.5 लि. पातळ अवशेष उंडुकात उतरतो. बृहदांत्राचे अस्तर त्यातील सोडियम शोषते व त्यामागोमाग पाणीही शोषले जाते. मलावाटे जेमतेम 100–200 मिलि. पाणी बाहेर पडते. अतिसारात हीच बचत कोलमडते, म्हणून लहान मुलाला जुलाब लागताच क्षार-साखरेचे पाणी पाजण्यात दिरंगाई करू नये.

मल म्हणजे निव्वळ न पचलेले अन्न, हा समज चुकीचा आहे. त्याच्या घन भागात जीवाणूंचा वाटा मोठा असतो. हे जीवाणू भाजी-भाकरीतला न पचणारा चोथा आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरिक अम्लावरच आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः पोसल्या जातात. मलाचा तपकिरी रंग पित्तातील रंगद्रव्यापासून येतो.

एरवी आतड्याची हालचाल संथ असते. दिवसातून काही वेळा, विशेषतः सकाळच्या न्याहारीनंतर, जोरदार लाट येऊन मल गुदाशयात ढकलला जातो. गुदाशयाची भिंत ताणली की आतला परिसंकोची स्नायू आपोआप सैल पडतो. बाहेरचा मात्र इच्छेच्या ताब्यात असतो. वेग वारंवार दाबल्यास पाणी शोषले जातच राहते व मल खडा होतो. शाळेत स्वच्छ शौचालय नसल्याने दिवसभर वेग रोखणाऱ्या मुलामुलींना बद्धकोष्ठ होते ते यामुळेच.