तराजूची साक्ष

रासायनिक समीकरण संतुलित करायला आपण शाळेतच शिकतो. त्यामागचा वाद मात्र सहसा शिकवला जात नाही. अठराव्या शतकातील बहुतेक युरोपीय रसायनज्ञ मानत, की जळताना पदार्थातून 'फ्लॉजिस्टन' नावाचे तत्त्व बाहेर पडते. मग तापवलेल्या धातूचे भस्म मूळ धातूहून जड का भरते? काहींनी फ्लॉजिस्टनला चक्क उणे वजन बहाल केले!

१७७४ साली फ्रान्समध्ये आंत्वान लाव्हाझिए यांनी कथिल हवाबंद काचपात्रात तापवले. भस्म झाले, पण पात्रासह एकूण वजन तेवढेच राहिले. पात्र उघडल्यावर हवा आत शिरली, तेव्हाच ते वाढले. धातूने काही गमावले नव्हते. हवेतला एक वायू कमावला होता. त्यालाच पुढे त्यांनी ऑक्सिजन हे नाव दिले.

लाव्हाझिए हे करवसुलीच्या मक्त्यातील भागीदार. जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत, हा दंडक त्यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात रसायनालाही लावला. त्याच मक्त्यापायी १७९४ मध्ये क्रांतीने त्यांचा शिरच्छेद केला. हिशेब मात्र टिकला. म्हणूनच समीकरणातला बाण आम्हांला केवळ रूपांतराची खूण वाटत नाही. जे दिसेनासे झाले ते कुठे गेले, याचा शोध घ्या, असे तो बजावतो.