कोरसमधला तो आवाज कोणाचा?

शॅननचं 'लेट द म्युझिक प्ले' हेडफोन लावून ऐका. कडव्यांमध्ये एक मुलगी डान्सफ्लोअरवर भेटलेल्या मुलाबद्दल सांगतेय. कोरस येतो आणि आवाज बदलतो. तो शॅननचा नाही. स्टुडिओत गाणाऱ्या जिमी टनेलचा आहे, आणि रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं.

गाणं १९८३चं, न्यूयॉर्कचं. चारच वर्षांपूर्वी, १२ जुलै १९७९ला, शिकागोच्या बेसबॉल मैदानात दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटाने उडवून दिला होता. रेडिओने डिस्कोकडे पाठ फिरवली, पण ब्राँक्स-ब्रुकलिनमधली पोर्टो रिकन आणि काळी पोरं नाचायची थोडीच थांबणार होती? १९८२च्या 'प्लॅनेट रॉक'ने त्यांना यंत्राचा ठेका दिला. त्यात प्रेमभंगाला मात्र जागा नव्हती. ती जागा ख्रिस बार्बोसा आणि मार्क लिगेट या निर्मात्यांनी केली.

त्यांनी रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र एकमेकांना जोडलं. (हीच दोन यंत्रं वर्षभर आधी मुंबईत चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवायला वापरली होती. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही.) ड्रमच्या ठोक्यावर घुमारा चढवायचा आणि तो विरायच्या आत कापून टाकायचा, म्हणजे दार आपटल्यासारखा आवाज येतो. वरून लॅटिन तालांची तुटक, तिरकी चाल. फेब्रुवारी १९८४मध्ये गाणं बिलबोर्डवर आठवं आलं. या ढंगाला आधी 'शॅनन साउंड' म्हणायचे. 'फ्रीस्टाइल' हे नाव मागून रुळलं.

बारा इंची रेकॉर्डवर 'डब'ही होता. डब म्हणजे गाणं बरंचसं काढून ठेका उघडा पाडायचा, की डीजे त्याला हवं तिथे जोडू शकतो. पुढे अल्बर्ट कॅब्रेरा आणि टोनी मोरॅन या 'लॅटिन रास्कल्स' जोडीने ब्लेडने टेप कापून, चिकटवून एकेक अक्षर अडखळायला लावलं. मला तर फ्रीस्टाइल म्हटलं की गाण्याआधी तीच अडखळ ऐकू येते. गायिकेच्या तोंडचं एक वाक्य दहा तुकड्यांत फुटतं, आणि फ्लोअर त्याच तुकड्यांवर नाचतो.

रीमिक्स करणाऱ्यांची नावं लेबलवर छापली जाऊ लागली, आज तर ती गाण्याच्या नावापुढे कंसातच येतात. टनेलचं नाव मात्र अजून शोधावं लागतं.