चांदवड: परमुलखाच्या वाटेवरचं गाव

परदेश सहलीत आपल्या मराठी कुटुंबांचा एक दिवस ठरलेला असतो. सकाळी देवळं, दुपारी बाजार. बँकॉक असो की बाली, आई-बाबांना मूर्ती बघायच्या असतात, मुलांना रस्त्यावरचं खायचं असतं आणि कुणीतरी एकजण सतत हिशोब करत असतो, "म्हणजे आपले किती झाले?" गंमत अशी की हा कार्यक्रम विमानाच्या कितीतरी आधीचा आहे. तेव्हा त्याला काशीयात्रा म्हणायचे, इतकंच. आणि परमुलूख नर्मदा ओलांडली की सुरू व्हायचा.

त्या वाटेवरचं एक गाव म्हणजे चांदवड. मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिकहून धुळ्याकडे निघालात की साधारण ६५ किलोमीटरवर लागतं. सातमाळा डोंगररांग इथे आडवी येते, आणि दख्खनमधून मालेगाव, धुळे, सेंधवा करत माळव्यात जाणारी वाट इथूनच जाते. म्हणून तर डोंगरावर चांदवड, इंद्राई, राजधेर, कोळधेर असे किल्ले रांगेने उभे आहेत. नवव्या शतकातल्या यादवांच्या दृढप्रहाराची राजधानी चंद्रादित्यपूर म्हणजे हेच गाव, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वाट ज्याच्या ताब्यात, पैसा त्याचा. साधं गणित.

अठराव्या शतकात ही वाट होळकरांकडे आली आणि चांदवडला त्यांची टांकसाळ चालू लागली. इथला रुपया हातात घेतला तर त्या काळाचा सगळा गुंता दिसतो. पाडणारे मराठे, नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, लिपी फारसी, आणि गावाचं नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर'! तेव्हा ठिकठिकाणी टांकसाळी होत्या आणि प्रत्येक रुपयाची चांदी थोडी वेगळी. दुसऱ्या मुलखात गेलात की सराफ नाणं पारखणार, बट्टा कापणार, मग तिथलं नाणं देणार. विमानतळावरच्या फॉरेक्स काउंटरवर आपण जी कुरकुर करतो तीच कुरकुर, फक्त दोन-अडीचशे वर्षं जुनी.

आता विचार करा, नाशिककडचं एखादं कुटुंब काशीला निघालंय. भाषा बदलणार, नाणं बदलणार, राजा बदलणार. १७७५ पासून तर काशी इंग्रज कंपनीच्या ताब्यात. अशा ठिकाणी आपलं म्हणावं असं काय सापडणार?

इथे अहिल्याबाई येतात. १७६७ ते १७९५ त्यांनी महेश्वरहून कारभार केला. काशीचं विश्वनाथ मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा बांधलं, गयेचं विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये. यातला एकही मुलूख त्यांचा नव्हता. स्वतःच्या राज्याबाहेर, दुसऱ्याच्या हद्दीत, त्यांनी घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रं उभी केली. खर्च मुख्यतः 'खासगी'तून, म्हणजे राज्याच्या तिजोरीतून नव्हे तर स्वतःच्या उत्पन्नातून. आपण याला धर्मकार्य म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. पण नीट बघितलं तर हे प्रवाशांसाठीचं इन्फ्रास्ट्रक्चर आहे: पाणी, मुक्काम, जेवण, आणि परमुलखात ओळखीचं एक दार. दुसरीकडे महेश्वरला विणकर वसवून त्यांनी बाजारही उभा केला. महेश्वरी साडी आजही त्यावर चाललीये.

चांदवडला याच्या खुणा अजून आहेत. गावात होळकरांचा रंगमहाल, त्यातलं लाकडी कोरीवकाम आणि भिंतीवरची चित्रं. रस्त्याच्या कडेला डोंगराच्या कुशीत रेणुकामाता, डोंगरात चंद्रेश्वर आणि जैन लेणी.

मग गाव मागे का पडलं? १८०४ मध्ये कर्नल वॉलेसने चांदवड घेतलं. ते होळकरांना परत मिळालं खरं, पण १८१८ च्या मंदसोर तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा त्यांचा मुलूखच गेला. १८६० च्या दशकात रेल्वे आली ती मनमाडवरून. झालं! व्यापारी रुळांकडे सरकले. देवळांना तसं सरकता येत नाही. ती जिथे होती तिथेच राहिली आणि भाविक येत राहिले.

म्हणून मला वाटतं, एखादं गाव बघताना देऊळ आणि बाजार वेगवेगळे बघू नयेत. दोघांना जन्म देणारी वाट शोधावी. आज त्याच वाटेवरून आपण गाडीत गाणी लावून चांदवड मागे टाकतो. पुढच्या वेळी एक दिवस द्या. सकाळी रेणुकामाता, मग रंगमहाल, दुपारी मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव. बोली लागताना शेतकऱ्याचा चेहरा बघा. भाव दुसऱ्याने ठरवायचा आणि आपण मान डोलवायची, ही सराफाच्या ओट्यावरची गोष्ट अजून संपलेली नाही.