‘बाकी’ : एका हिशेबी शब्दाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
आर्थिक इतिहासाच्या अभ्यासात आकडे तपासले जातात. परंतु ते ज्या शब्दांखाली मांडले गेले, त्यांचा विचार क्वचितच होतो. ‘बाकी’ हा असाच एक शब्द होय.

अर्थ व व्युत्पत्ती :
‘बाकी’ हा मूळ अरबी शब्द ‘उरलेले’ या अर्थाने फारसीमार्गे मराठीत आला. ‘जमा’, ‘खर्च’ व ‘वसूल’ हे शब्दही फारसी कारभारातूनच रूढ झाले. ‘वजा’ म्हणजे कमी केलेले आणि ‘बाकी’ म्हणजे उरलेले. यांच्या संयोगातून ‘वजाबाकी’ ही गणिती संज्ञा सिद्ध झाली. ‘शिल्लक’ म्हणजे हाती उरलेली रक्कम, तर ‘बाकी’ म्हणजे प्रामुख्याने येणे अथवा देणे राहिलेली रक्कम. हा भेद ‘रोख शिल्लक’ व ‘थकबाकी’ या प्रयोगांत आजही स्पष्ट दिसतो.

मराठेशाहीतील उपयोग :
शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय सुचविले, तरीही ‘बाकी’ दप्तरातून हद्दपार झाला नाही. पेशवाईतील महसुली हिशेबात ठरलेली रक्कम, वसूल व बाकी असा क्रम आढळतो. अवर्षणात सूट मिळाल्यास बाकी घटे. अन्यथा ती पुढील वर्षाच्या बोज्यात मिळे.

वसाहतकाळ :
इंग्रजी अमलात प्रिंगलच्या आकारणीमुळे पुणे जिल्ह्यात बाकी साचली व सूट देणे भाग पडले. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांची सुधारित आकारणी लागू झाली. पुढे सरकारी बाकी भागविण्यासाठी काढलेले कर्ज सावकाराच्या वहीत नवी बाकी बनून राहू लागले. वही सावकाराच्या हाती असल्याने निरक्षर कुणब्यास तिची शहानिशा करता येत नसे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेल्या उठावात शेतकऱ्यांचा मुख्य रोख खतपत्रे व वह्या यांवर होता, हे येथे अर्थपूर्ण ठरते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने व्यवहाराचा हिशेब प्रारंभापासून तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. म्हणजेच लिहिलेली बाकी हीच खरी बाकी, हे गृहीतक कायद्यानेच नाकारले.

निष्कर्ष :
कारकुनाच्या दृष्टीने ‘बाकी’ ही केवळ वजाबाकीची निष्पत्ती होती, तर रयतेच्या दृष्टीने ते पिढ्यान्‌पिढ्यांचे ओझे होते. म्हणून हिशेबाच्या कागदातील हा शब्द वाचताना अभ्यासकाने लेखणी कोणाच्या हाती होती, हा प्रश्न प्रथम विचारणे आवश्यक आहे.