दोरी की दाते? वर्ध्याच्या चरख्यामागील गतीचे गणित

१/ सायकलीत पायडलाची गती मागच्या चाकापर्यंत साखळी नेते. चरख्यात तेच काम दोरी करते. साखळी हाताशी असूनही चरख्याने दोरी का सोडली नाही? वर्ध्याच्या खादी-इतिहासातील हा लहानसा वाटणारा, पण मूलभूत प्रश्न.

२/ आधी साखळीचे गणित. १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले. लगतच्या दोन रोलरांमधील अंतर म्हणजे ‘पिच’. ज्या दातेरी चक्रावर ती फिरते, त्या स्प्रॉकेटचा पिच-व्यास असा काढतात:
पिच ÷ साइन (१८०° ÷ दात्यांची संख्या)

३/ सायकलीचा प्रचलित पिच १२.७ मिमी. मागील चक्रास १८ दाते असतील, तर व्यास १२.७ ÷ साइन १०°, म्हणजे सुमारे ७३.१ मिमी. पुढील चक्रास ४८ दाते असल्यास पायडलाच्या एका फेऱ्यात मागील चाकाचे ४८ ÷ १८, म्हणजे सुमारे २.६७ फेरे होतात. दाता घसरत नाही. म्हणून हे प्रमाण ढळत नाही.

४/ आता चरखा. गांधीजींच्या १९३० च्या तुरुंगवासात आकारास आलेल्या येरवडा चक्रात, म्हणजे पेटी चरख्यात, दोन चाके असतात. मोठे चाक लहान चाकाच्या कप्पीस फिरवते आणि लहान चाक चातीस. उदाहरणादाखल, पहिल्या जोडीचे प्रमाण ८ आणि दुसरीचे १० धरल्यास मुठीच्या एका फेऱ्यात चातीचे ८० फेरे होतील.

५/ मात्र दोरी थोडी घसरते. त्याने बिघडत नाही, कारण पेळूतून धागा ओढणारा हात वेग ओळखून आपली ओढ कमी-अधिक करतो. यंत्रातील उणीव हात भरून काढतो. शिवाय दोरी तुटली, तर कातणारा स्वतःच्या सुताची नवी वळतो. दाता तुटला, तर कारखाना गाठावा लागतो.

६/ ही दुरुस्तीची चिंता अखिल भारत चरखा संघाच्या १९२९ च्या स्पर्धेतही दिसते. बक्षीस १ लाख रुपये! अटी: किंमत १५० रुपयांच्या आत, ८ तासांत १६,००० फूट सूत, २० वर्षांचे आयुष्य आणि सुट्या भागांचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नको. ते बक्षीस कोणासही मिळाले नाही.

७/ १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभारले. ३० डिसेंबर १९३८ रोजी तेथेच गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. खादीविद्येचे साधक मगनलाल गांधी यांचे नाव या वास्तूस आहे, तसेच पायाने चालणाऱ्या दोन चात्यांच्या मगन चरख्यासही. त्यात पाय चाक फिरवतात आणि दोन्ही हात धागा ओढण्यास मोकळे राहतात.

८/ पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांचा अंबर चरखा आला. त्यात धागा हात ओढत नाही, रूळ ओढतात. पुढचा रूळ मागच्यापेक्षा वेगाने फिरतो आणि त्या वेगांच्या प्रमाणावर सुताची जाडी ठरते. हे प्रमाण ढळले की सूत बिघडते. म्हणून तेथे दातेरी चक्रे अपरिहार्य झाली.

९/ म्हणजे दोरीचा आग्रह केवळ जुन्याचा मोह नव्हता. जोवर धाग्यावर हात होता, तोवर दोरी पुरेशी होती. हाताची जागा रुळांनी घेताच दाते आले. उत्पादन वाढले, पण दुरुस्ती झोपडीबाहेर गेली. मगन संग्रहालयात चरखे पाहताना प्रथम हे पाहावे: धागा कोण ओढतो आहे?