घाटमाथ्यावरून गिरणगावात : आपल्या माता-भगिनींच्या उद्योगाचे अवलोकन

समाजाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी साहजिकच सनदा, वतने, लढाया व कर्तबगार पुरुष यांजकडे वळते. आपल्या वार्षिक अंकांतूनही हाच प्रघात पडला आहे. तो सर्वस्वी गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या कुटुंबांचा मूळ गाव ताम्हिणीच्या परिसरात अथवा मुळशीच्या खोऱ्यात होता, त्यांची गेल्या शंभर वर्षांची हकीकत केवळ पुरुषांच्या नावांनी पुरी होत नाही. गाव सुटल्यावर घर ज्यांनी सांभाळले, परक्या शहरात चूल मांडून जिने चार पैसे उभे केले व त्याच चुलीपाशी मुले वाढविली, त्या स्त्रीचा हिशेब अजून मांडावयाचा राहिला आहे. तो थोडक्यात मांडण्याचा आमचा हा प्रयत्न.

प्रथम भूमीविषयी. ताम्हिणी हे सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरील गाव. विंझाईचे देवस्थान येथलेच. पूर्वेस मुळशीचे खोरे, पश्चिमेस घाट उतरला की कोकण. पाऊस अतोनात, खाचरांत भात, त्यात आंबेमोहोराचा लौकिक मोठा, आणि डोंगरउतारावर नाचणी व वरी. चिखलणीचे काम औतामागील पुरुषाचे असले, तरी लावणी, बेणणी, झोडणी व कांडण यांत स्त्रीचे हात अधिक. असे असता सातबाऱ्यावर तिचे नाव क्वचितच असे. पुढील सर्व हकीकतीचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्यांस स्वस्त विजेची गरज भासू लागली. टाटा कंपनीने खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू केले आणि पुढे मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीस धरण बांधण्याचे योजिले. पन्नासांवर गावांच्या जमिनी त्यात जावयाच्या होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ ही पदवी ज्या लढ्याने मिळवून दिली तो हाच. विनायकराव भुस्कुटे हे त्याचे दुसरे अग्रणी. ‘जान किंवा जमीन’ ही त्या दिवसांची घोषणा. मावळ्यांच्या बायका पुरुषांच्या बरोबरीने धरणाच्या कामावर जाऊन बसल्या व त्यांनी शिक्षाही भोगल्या. परंतु १९२४ च्या अखेरीस लढा मावळला. बांध पुरा झाला आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर चालू झाले. ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात गेले की हे भिरा लागते. मुळशीचे पाणी बोगद्यातून तेथे खाली सोडले जाते, त्यावर चक्रे फिरतात, आणि तेथून निघालेली वीज मुंबईस जाते.

नुकसानभरपाईचे काय झाले? १८९४ च्या भूसंपादन कायद्याने पैसा दिला तो ज्याचा हक्क कागदावर सिद्ध होईल त्यास. खोऱ्यातील पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या अथवा त्यांच्या नावे झालेल्या होत्या. त्यामुळे मोबदल्याचा मोठा वाटा सावकारांच्या घरी गेला. कसणारे कूळ रिकामे राहिले. त्या कुळाच्या घरातील स्त्रीस तर विचारणारेही कोणी नव्हते. लावणी तिने केली, सत्याग्रह तिने केला. पण कागदावर नाव नाही म्हणून मोबदलाही नाही.

पोटासाठी मुंबईची वाट धरणे मावळास नवे नव्हते. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांतील माणसे मुंबईत डबेवाल्यांचा धंदा करीत आलेली आहेत. त्या धंद्याचा आरंभ १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांजकडून झाला असे सांगतात. कोणी गोदीत गेले, कोणी गिरणीत. दैवाची लीला अशी की, ज्या पाण्याखाली खाचरे बुडाली त्याच पाण्याच्या विजेवर चालणाऱ्या मागांपाशी खोऱ्यातील कित्येक माणसे पगारासाठी उभी राहिली.

गिरण्यांत स्त्रियाही होत्या. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत त्यांचा वाटा सुमारे पंचमांश होता. वाइंडिंग व रीलिंग ही त्यांची खाती. त्यांजवर देखरेख करणारी स्त्री ‘नायकीण’ म्हणून ओळखली जाई. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा झाला. आदल्या वर्षी कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याची बाजू मांडली होती. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर ठेवणे मालकांवर बंधनकारक केले. कायदे चांगले होते. परंतु खर्च नको म्हणून मालकांनी स्त्रियाच कमी केल्या, यंत्रेही बदलली, आणि गिरणीतील स्त्रियांची संख्या घसरत गेली. पाळणाघर मिळाले तेव्हा त्यात मूल ठेवणारी आईच खात्यात उरली नाही, अशी अवस्था पुष्कळ ठिकाणी झाली.

मग ती करती काय? तिने खानावळ घातली. गावाकडून एकटे आलेले कामगार एका खोलीत पाळीपाळीने राहत. त्यांस दोन वेळचे जेवण हवे असे. परळ, लालबाग, वरळी, डिलाइल रोड येथील चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत एक स्त्री दहापंधरा माणसांचे रांधी. पुणे, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतून आलेल्या ह्या बायका. पहिली पाळी पहाटे निघे, म्हणून चूल त्याआधी पेटे. शेवटची पाळी रात्री सुटे, म्हणून चूल त्यानंतर विझे. मुले ताटांच्या व भाकऱ्यांच्या मधोमध अभ्यास करीत. जेवणारे तिला ‘मावशी’ म्हणत आणि महिनाअखेर पगार झाला की पैसे देत. पण वाण्यास महिनाभर थांबण्याची सवय नसे. उधारीवर घेतलेला माल महाग पडे, अडीनडीला सावकाराचे व्याज चढे, आणि अखेरीस मंगळसूत्र गहाण जाई. वीस माणसांस जेवू घालणारी बाई स्वतः कर्जात बुडालेली असावी, हे त्या धंद्याचे गुपित होते. धंदा नफ्याचा होता. भांडवल मात्र परक्याचे होते.

हे गुपित ओळखले श्रीमती प्रेमा पुरव यांनी. गोव्याच्या मुक्तिलढ्यात गोळी झेललेल्या ह्या बाई गिरणगावात कामगार चळवळीत काम करीत. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून गरिबांस ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना निघाली होती. पण खानावळवालीस बँकेची पायरी कोण चढू देणार? पुरवबाईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले व पहिल्या चौदा बायकांस बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १५०० रुपये कर्ज मिळवून दिले. जमीन ना दागिना. बायकांनी एकमेकींचा जामीन घेतला. कर्ज फिटले, आणि मागून येणाऱ्यांची वाट मोकळी झाली. ह्या व्यवहारात रकमेपेक्षा मोठी गोष्ट आम्हांस दिसते ती ही की, कर्जाच्या कागदावर तिचे स्वतःचे नाव होते. सातबाऱ्यावर जे नव्हते ते बँकेच्या वहीत आले.

ह्या आधाराची कसोटी लवकरच लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. कित्येक गावी परतले. जेवणाऱ्यांचे पैसे बुडाले, खानावळी ओस पडल्या. तरीही मावशींनी पुष्कळांस उधारीवर जेवू घातले. पुढे अन्नपूर्णा मंडळाने एकत्र स्वयंपाक करून कचेऱ्यांस व समारंभांस जेवण पुरविण्याचे काम हाती घेतले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. मागावर बसणाऱ्याचे कसब मागाबरोबर गेले. रांधणारीचे कसब मात्र तिच्या हातात राहिले व त्यावर अनेक घरांतील मुलांची शिक्षणे झाली.

मुलांच्या संगोपनाची बाजूही नुसत्या आईच्या कष्टांवर सोडून भागत नाही, हे महाराष्ट्रात आधीच सांगितले गेले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, गरिबांच्या अंगणात जाऊन बालशिक्षण दिले. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातला. खुद्द आपल्या पुणे जिल्ह्यात राजगुरुनगर येथे ‘चैतन्य’ संस्थेने १९९० च्या दशकात खेड्यांतील बायकांचे बचत गट व त्यांचे संघ बांधून दाखविले. माण तालुक्यात म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रथम अर्ज केला तेव्हा अंगठे उमटविणाऱ्या सभासदांमुळे परवाना नाकारला गेला होता. त्या बायका अक्षरे शिकून पुन्हा गेल्या.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र आहे. कष्ट स्त्रीजवळ होतेच, धंद्याची अक्कलही होती. उणीव होती ती कागदावरील नावाची, हातातील थोड्या भांडवलाची आणि मुलास काही तास सांभाळणाऱ्या विश्वासू जागेची. ही तीन साधने समाजाने पुरविली तेथे ती स्थिरावली. न पुरविली तेथे मंगळसूत्र सावकाराकडे गेले.

आता आपल्यापुरते पाहू. आजही घाटमाथ्यावरील गावांतून तरुण जोडपी पुणे, पिंपरी-चिंचवड, हिंजवडी व मुंबईस जात आहेत. पोळी-भाजीचे डबे, शिवणकाम, पाळणाघर असे उद्योग आपल्याच घरांतील सुना-लेकी करीत आहेत. १९५६ च्या वारसा कायद्याने, १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीचा वाटा क्रमाने मान्य झाला. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदांत आईचे नाव नोंदविणे आवश्यक केले. सरकार इतके पुढे आले असता ज्ञातिसंस्थेने मागे राहणे शोभत नाही. म्हणून आमची तीन विनम्र सूचना आहेत. संस्थेच्या निधीतून उद्योगास उसनवार द्यावयाची ती स्त्रीच्या स्वतःच्या नावे, भगिनींच्या परस्पर जामिनावर द्यावी. विद्यार्थिसाहाय्याच्या अर्जावर आईची सही पुरेशी मानावी. विधवा व परित्यक्ता भगिनींस पालकाच्या सहीसाठी दारोदार हिंडावे लागू नये. आणि समाजमंदिराचा दिवाणखाना लग्नसराईखेरीज रिकामा राहतो, तो कामकरी मातांच्या मुलांसाठी दिवसा उघडावा.

आणखी एक काम मात्र प्रत्येक घराने करावयाचे आहे. आपली आजी, पणजी कोणत्या गावाहून आली, शहरात कोणत्या चाळीत राहिली, काय उद्योग केला, किती माणसे तिच्या हातचे जेवली, हे तिच्या नावानिशी लिहून ठेवावे. वंशावळीत तिची जागा आजवर ‘अमक्याची पत्नी’ एवढीच आहे. जमिनीच्या कागदावर तिचे नाव लागले नाही, तो दोष त्या काळाचा म्हणता येईल. पण कुळाच्या वहीतही ते लागले नाही, तर तो दोष आपलाच राहील.