बागेतली कीड आणि घरातले विष

१९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडल स्टेशनाजवळची जागा दिली. जागा कसली, निवडुंगाचे रानच ते. साप तर विचारूच नका. ते रान माणसांनी हाताने तोडले आणि मग तेथे किर्लोस्करवाडी वसली.

पण दक्षिण हिंदुस्थानातला हजारो एकर निवडुंग हटला तो कोयत्याने नव्हे, एका किड्याने. १९२६ साली हा किडा सिलोनहून मुद्दाम आणून निवडुंगावर सोडला आणि थोड्याच वर्षांत रानेच्या राने वाळून गेली. त्याआधी १७९५ साली असाच एक किडा ब्राझीलहून बंगालात आणला होता. लाल रंग देणारा म्हणून आणला, निघाला भलताच! रंग कामाचा नव्हता, पण दुसऱ्या एका जातीचा निवडुंग त्याने फस्त केला. आपल्या जास्वंदीवर कापसासारखा पांढरा बसतो ना, त्या पिठ्या ढेकणाचे हे भाऊबंद.

हे आधी सांगितले ते अशासाठी, की किडा दिसला म्हणजे तो वैरीच असे नव्हे. घेवड्यावरचा मावा खाणारा ठिपक्याठिपक्यांचा ढालकिडा आपला मित्र आहे. पंप उचलण्यापूर्वी पान उलटून पाहावे.

पूर्वीची आपली माणसे वांग्यावर राख टाकीत, तंबाखूचा काढा शिंपडीत. राखेचे ठीक आहे. काढ्याचे मात्र तितके सोपे नाही. तंबाखूतले निकोटिन जहाल विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात शिरते. गावठी म्हणजे निर्धोक, ही समजूत सोडून दिलेली बरी.

मग डीडीटी आली. तिचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली शोधला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९५३ पासून हिवतापाच्या मोहिमेत गावोगाव घरांच्या भिंतींवर तिचा फवारा बसू लागला. शेतात बीएचसीची भुकटी आली. मुठीने उधळली तरी माणूस तेथल्या तेथे पडत नसे. त्यामुळे ‘औषध’ हा शब्द रूढ झाला, आणि माझ्या मते घोटाळा तेथेच झाला. विषाला औषध म्हटले की ते फडताळात जाऊन बसते. याच भुकट्या वर्षानुवर्षे जमिनीत आणि प्राण्यांच्या चरबीत टिकून राहतात, हे पुढे कळले. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ साली बंद झाला, बीएचसी १९९७ साली.

दरम्यान पॅराथिऑनसारखी, मज्जातंतूंवर घाव घालणारी नवी विषे आली होती. १९५८ च्या उन्हाळ्यात केरळात गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्यांनी काय गुन्हा केला होता? पीठ आणि पॅराथिऑन यांची ने-आण एकाच जहाजात, शेजारी शेजारी झाली होती. विष गळले आणि पिठात मुरले. फवारणी करणारा त्यांत कोणी नव्हता. ती पोळी खाणारी माणसे होती. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शहा यांच्या आयोगाने चौकशी केली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ साली त्याचे नियम आले.

डब्यावरचा चौकोनी शिक्का या नियमांतून आला. खालच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे साखर नव्हे, एवढे ध्यानात असू द्या. घरच्या परसात लाल-पिवळ्याचे कामच काय? चार झाडांच्या माव्याला साबणाचे पाणी, निंबोळीचा अर्क, किंवा फांदी छाटून टाकणे पुष्कळ होते.

तरीही फवारायची वेळ आलीच, तर वारा पाठीशी घेऊन, संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर फवारावे. अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला फडके हवेच. दोन विषे एकत्र कालवू नयेत. तुंबलेली तोटी तोंडाने फुंकू नये. भाजी तोडण्यापूर्वी किती दिवस थांबावयाचे ते कागदावर छापलेले असते, तेवढे थांबावे. उरलेले विष सरबताच्या बाटलीत ओतून ठेवणे म्हणजे केरळची गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात घडवणे होय. गुरुजींनी शाळेच्या बागेत मुलांच्या हाती पंप मुळीच देऊ नये.

हे जुने झाले म्हणाल, तर २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. डोक्याएवढ्या कापसात, उकाड्यात, उघड्या अंगाने माणसे फवारीत होती.

फवारल्यावर डोके दुखले, मळमळले, दरदरून घाम सुटला, लाळ गळू लागली, तर उन्हाचा त्रास समजून निजू नका. कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. डब्यावरचा कागद तेवढा बरोबर न्या. विषाचे नाव आणि त्यावरचा उतारा त्यावर छापलेला असतो, आणि डॉक्टर आधी तेच विचारतात.